डोंगरखोरें पाहावयास कोणत्या ऋतूंत जावें?

आपल्या जिल्ह्यांतून शेतकऱ्यांच्या ज्या सहली निघतात, त्यांतील कित्येक पाणलोटाचें काम झालेलीं डोंगराळ गांवें पाहावयास जातात. हा हेतु सर्वथा स्तुत्य आहे. परंतु जावयाचें केव्हां, याचा विचार व्हावा तितका होत नाहीं. श्रावण लागला, डोंगर हिरवे झाले, ओढे खळाळूं लागले, कीं गाडी ठरते. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्यास शोभा पाहावयाची असेल त्यानें श्रावणांत खुशाल जावें. ज्यास पाण्याचा हिशेब शिकावयाचा असेल त्यानें वैशाखांत जावें.

उदाहरणादाखल हिवरे बाजार घेऊं. अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) शहरापासून सुमारें १७ किलोमीटरांवर डोंगरांच्या कुशींत वसलेलें हें गांव आपणांस करमाळ्याच्या वाटेनें गांठतां येतें. तेथील पाऊस आपल्याहून अधिक नाहीं. सरासरी ४०० मिलीमीटरांच्या आसपासच. १९७२ च्या दुष्काळानंतर गांव उजाड होत गेलें व माणसें पोटासाठीं बाहेर पडलीं. १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले, १९९४ सालीं गांव आदर्श गांव योजनेंत आलें, आणि डोंगरउतारावर समतल चर, ओढ्यांवर बंधारे व वृक्षलागवड अशीं कामें झालीं. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी गांवानें स्वतः पाळली. गवत कापून नेण्यास मात्र मोकळीक ठेविली. पुढें ग्रामसभेनें शेतीसाठीं विंधन विहिरी घेण्यास बंदी केली, आणि ऊस व केळीं यांसारखीं तहानलेलीं पिकें टाळण्याचें ठरविलें. श्री. पवार यांस २०२० चा पद्मश्री किताब मिळाला, हें वाचकांस ठाऊकच असेल.

आतां श्रावणांत गेलेल्या पाहुण्यास यांतील काय दिसतें? हिरवा डोंगर. परंतु श्रावणांत कोणता डोंगर हिरवा नसतो? चर खणलेला व न खणलेला, राखलेला व ओरबाडलेला, असे दोन्ही डोंगर त्या महिन्यांत हिरवी शाल पांघरतात. निसर्गाची कृपा कोठें संपते व गांवाचा पुरुषार्थ कोठें सुरू होतो, तें तेव्हां ओळखूं येत नाहीं. पाहुणा प्रसन्न चित्तानें परततो, पण त्याच्या पदरीं कांहीं पडत नाहीं.

चरांत पाणी कसें अडतें व मुरतें, हें प्रत्यक्ष पाहण्याचा खरा काळ उत्तरा व हस्त या नक्षत्रांचा. कारण आपल्याकडे काय नि तिकडे काय, भरवंशाचा पाऊस भाद्रपद-आश्विनांतच पडतो. परंतु तोच काळ आपल्या रब्बी ज्वारीच्या पेरणीचा. वाफसा सोडून सहलीस निघणाऱ्या शेतकऱ्यास आम्ही तरी तसा सल्ला देणार नाहीं.

राहतां राहिला चैत्र-वैशाख. ज्वारीची रास घरांत आलेली असते, मृगास अवकाश असतो. या दिवसांत डोंगर पिवळा पडलेला दिसेल, पानगळही झालेली असेल. त्यानें निराश होऊं नये. डोंगराकडे न पाहतां विहिरींत डोकवावें. आपल्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशांत पाणी सांठतें तें वरच्या मुरमांत व खडकाच्या भेगांत. आश्विनांत वर आलेली पातळी उपशाबरोबर खालीं जाते. वैशाखांत विहिरीच्या तळाशीं जें उरतें, तोच गांवाच्या संयमाचा पुरावा. हिवरे बाजारांत पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडतात, आणि पाऊस तोकडा झाला तर रब्बीचें क्षेत्र आवरतें घेतात. हें जमाखर्चाचें शहाणपण पावसाळ्यांत ऐकूं येईल. त्याचें फळ मात्र उन्हाळ्यांतच दिसेल.

कोणी म्हणेल, वैशाखांतील ऊन सोसवणार नाहीं. ज्यांच्या घरावर पारा ४२ अंशांपलीकडे जातो, त्या सोलापूरकरांनीं ही सबब सांगणें शोभत नाहीं. पहाटे निघावें, दुपार झाडाखालीं काढावी. दुसरा आक्षेप यजमानांचा: ऐन टंचाईंत पाहुण्यांचा भार कशास? तो रास्त आहे. म्हणून आधीं कळवून, थोडक्या संख्येनें व पिण्याचें पाणी बरोबर घेऊन जावें.

ही केवळ सहलीची गोष्ट नव्हे. आपल्या उजनी धरणाचेंच पाहा. एकंदर सांठा सुमारें ११७ अब्ज घनफूट. पैकीं निम्म्याहून अधिक मृत सांठा. २०२४ च्या जानेवारींतच उपयुक्त सांठा संपून धरण उणे झालें, आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत तें भरलेंही. ऑगस्टांतील तुडुंब जलाशय पाहून आपण उसाची लागण ठरवितों, आणि उन्हाळ्यांत कालव्याच्या आवर्तनासाठीं मोर्चे काढतों. चुकीच्या ऋतूंत पाहण्याची ही खोड आपणांस सहलींत नव्हे, शेतांत महाग पडत आहे. ज्या सोलापुरांत १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे प्रयोग झाले, ज्याच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्या जिल्ह्यास थोड्या पाण्यावरील शेतीची परंपरा परकी नाहीं. विसर मात्र पडला आहे.

म्हणून मंडळांस आमची सूचना अशी कीं, येत्या वर्षाची सहल अक्षय्य तृतीयेनंतर काढावी. जाणाऱ्यांनीं तीन प्रश्न विचारून उत्तरें टिपून आणावींत: आश्विनांत विहिरीस पाणी किती होतें व आज किती आहे, यंदा कोणतें पीक कमी केलें, आणि ज्यानें ठराव मोडला त्याचें गांवानें काय केलें. परत आल्यावर मृगापूर्वीं आपल्या गांवची सभा भरवून हींच उत्तरें तेथें वाचावींत, व पहिला प्रश्न आपल्या विहिरींसही विचारावा.