मेडियाचे डोळे

पॅरिसच्या रनेसाँस नाट्यगृहासाठी आल्फोन्स मुखा याने १८९८ साली केलेले ‘मेडिया’चे भित्तिपत्रक आम्ही वर्गात दाखवतो, तेव्हा पहिला उद्गार “किती सुंदर!” असाच येतो. मग नजरा खाली उतरतात. मेडियाच्या पायाशी तिची मुले मरून पडली आहेत आणि तिच्या हातातील खंजीर रक्ताने माखला आहे. वर्ग गप्प होतो.

युरिपिडीसच्या मूळ नाटकात (इ.स.पू. ४३१) हा वध दिसत नाही, बंद दारामागून मुलांचा आक्रोश तेवढा ऐकू येतो. (वध रंगमंचावर दाखवू नये हा संस्कृत नाटकाचाही संकेत, भासाचे ‘ऊरुभंग’ हा अपवाद.) भय आणि करुणा कथानकाच्या रचनेतूनच उपजावी, नुसत्या दृश्यातून नव्हे, असे अॅरिस्टॉटल बजावतो. त्या मापाने मुखाने दाराआडचे सारे भर रस्त्यात आणून टांगले, असे म्हणावे लागेल. आम्हीही तसे म्हणत आलो. आज ती टीका आम्हाला उथळ वाटते.

कारण चित्रात वध नाहीच; तो उरकला आहे. उरले आहेत ते सारा बर्नहार्टचे विस्फारलेले डोळे. युरिपिडीसची मेडिया अखेर मुलांची प्रेते घेऊन आपल्या आजोबाच्या, म्हणजे सूर्याच्या, रथातून निघून जाते. जेसनला ती मुलांना स्पर्शही करू देत नाही. मुखाच्या मेडियामागे सूर्य आहे, रथ मात्र नाही. तिला निसटायला जागाच ठेवलेली नाही. जे केले ते जाणूनबुजून केले, हे त्या डोळ्यांत आहे, आणि ते आता स्वतःला सोसवत नाही, हेही. नाटक कातूल मेंदेसने नव्याने लिहिले होते हे खरे. तरी युरिपिडीसने जिला विजयी ठेवले तिला तिच्या कृत्यासमोर उभे करणे, हे आम्ही भाष्यच मानतो. मुखाला केवळ वेलबुट्टीचा सजावटकार ठरवून मोकळे होणाऱ्या समीक्षेने हे चित्र पुन्हा पाहावे.

अर्थात दोष सगळा समीक्षेचा नाही. मेडियाच्या हातातले सर्पाकार कंकण मुखाने चित्रासाठी कल्पिले होते. बर्नहार्टला ते इतके आवडले, की जॉर्ज फुके या जवाहिऱ्याकडून तिने ते प्रत्यक्ष घडवून घेतले. गेल्या खेपेला तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, ते कंकण आता कुठे आहे? जपानमधील साकाई शहराच्या संग्रहात, असे आम्ही सांगितले. डोळ्यांविषयी बोलण्यापेक्षा ते सांगणे आम्हालाही सोपे गेले.