एकट्याचें हेलिकॉप्टर

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी हल्लीं एकट्यानें बसून उडावयाच्या नव्या तऱ्हेच्या हेलिकॉप्टरांचीं चलच्चित्रें मोठ्या कौतुकानें पाहतात, आणि "असें यंत्र आपणांसहि करतां येईल काय?" असा प्रश्न आम्हांस विचारतात. कोठें खुर्चीभोंवतीं चार-आठ पंखे बसविलेले असतात, कोठें पायांखालीं पंखा फिरत असून मनुष्य वर उभा असतो, तर कोठें यंत्र पाठीसच बांधलेलें असतें. मुलांची ही जिज्ञासा आम्हांस प्रिय आहे. परंतु "आतां उडणें सायकल चालविण्याइतकें सोपें झालें" असा जो समज मुलांत, आणि क्वचित् त्यांच्या पालकांतहि, पसरूं लागला आहे, त्यास आमचा विरोध आहे. अशा यंत्राची परीक्षा तें वर कसें जातें यावरून करावयाची नसते. त्यांतील एखादा भाग निकामी झाला असतां तें खालीं कसें येतें, यावरून करावयाची असते.

साधें हेलिकॉप्टर इंजिन बंद पडतांच धोंड्यासारखें कोसळतें, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तसें नाहीं. मूल भिरभिरें हातांत घेऊन धांवूं लागलें म्हणजे समोरच्या वाऱ्यानें तें फिरतें, हें सर्वांनीं पाहिलें आहे. इंजिन थांबतांच वैमानिक वरच्या मोठ्या पात्यांचा कोन कमी करतो. यंत्र खालीं येऊं लागतें, आणि खालून येणाऱ्या हवेनें तीं पातीं त्या भिरभिऱ्याप्रमाणें फिरत राहतात. जमीन जवळ आली म्हणजे तो कोन पुन्हां वाढवितो, व पात्यांत सांठलेल्या गतीच्या जोरावर यंत्र हळूच टेकवितो. यास ऑटोरोटेशन म्हणतात. त्यास तीन गोष्टी लागतात : लांब व वजनदार पातीं, त्यांचा कोन बदलण्याची सोय, आणि शिकलेला हात. इतकें असूनहि, थोड्याच उंचीवर यंत्र जागच्या जागीं तरंगत असतां इंजिन थांबलें, तर शिकलेल्या हातासहि वेळ पुरत नाहीं.

आतां नव्या तऱ्हेचीं यंत्रें पहा. त्यांतील पुष्कळांत लांब पात्यांऐवजीं अनेक लहान पंखे असतात व त्यांच्या पात्यांचा कोन कायमचा ठरलेला असतो. चढणें, उतरणें, वळणें हें सर्व पंख्यांचा वेग कमीअधिक करून साधतें. रचना सुटसुटीत होते हें खरें. पण शक्ति गेली कीं ते हलके पंखे पाहतां पाहतां मंदावतात, आणि भिरभिऱ्याचा आधार उरत नाहीं. यावर कर्त्यांचें उत्तर असें कीं, एक मोटर बंद पडली तरी बाकीच्या यंत्रास सांवरून धरतात. जर्मनींत २१ ऑक्टोबर २०११ रोजीं सोळा पंख्यांचें विजेचें यंत्र माणूस बसवून सुमारें दीड मिनिट उडविण्यांत आलें, त्यामागें हाच विचार होता. आणि तो विचार आदरास पात्र आहे. तथापि सोळा दिवे एकाच तारेवर लावले असतील, तर ती तार तुटतांच सोळाहि विझतात. म्हणून पंखे किती, एवढेंच विचारून भागत नाहीं. बॅटऱ्या किती स्वतंत्र आहेत, त्यांचें नियमन करणारें साधन एकच आहे कीं दुसरें राखून ठेविलें आहे, हेंहि विचारावें लागतें. "हवाई छत्री आहे" असें कोणी म्हणेल. पण छत्री उघडावयासहि उंची लागते, आणि हौशी माणूस बहुधा जमिनीजवळच उडत असतो.

ही शंका नुसती पुस्तकी नव्हे. अमेरिकेच्या सैन्यानें १९५० नंतरच्या दशकांत असे प्रयोग पुष्कळ केले. हिलर कंपनीचें उडतें व्यासपीठ १९५५ सालीं उडालें. त्यांतील पंखे एका रुंद कड्याच्या आंत होते व वरचा मनुष्य अंग झुकवून दिशा बदलीत असे. तें स्थिर होतें. पण पुढें जाऊं लागलें कीं समोरचा वारा त्यास पुन्हां सरळ करी, त्यामुळें ताशीं सुमारें २५ किलोमीटरपलीकडे त्याची मजल गेली नाहीं. दुसरें यंत्र डी लॅकनर एरोसायकल. त्यांत परस्परविरुद्ध दिशांनीं फिरणाऱ्या दोन पंख्यांच्या अगदीं वर सैनिकानें उभें राहावयाचें होतें, आणि ज्यानें कधीं विमान चालविलें नाहीं अशास वीस मिनिटांत तें शिकवितां येईल, अशी अपेक्षा होती. १९५६ सालीं कॅप्टन सेल्मर सुंडबी यांनीं त्याच्या चांचण्या घेतल्या. दोन वेळां वरच्या व खालच्या पंख्यांचीं पातीं एकमेकांवर आदळून यंत्र कोसळलें. सुंडबी वांचले, त्यांस शौर्याचें पदकहि मिळालें. पण हें यंत्र नवशिक्याचें नव्हे, अशी त्यांची खात्री झाली, व तें पुढें सोडून देण्यांत आलें. जें चालवितांना कसलेल्या वैमानिकाचा जीव कसाबसा वांचला, तें वीस मिनिटांच्या शिकाऊ माणसाच्या हातीं दिलें असतें, तर काय झालें असतें?

याहून जवळचें उदाहरण सांगतांना आम्हांस दुःख होतें. आमच्याच महाराष्ट्रांत, विदर्भांतील एका खेड्यांत, ऑगस्ट २०२१ मध्यें वेल्डिंगचें काम करणाऱ्या एका तरुणाचा, स्वतः बांधलेल्या एकासनी हेलिकॉप्टरची चांचणी घेतांना, अंत झाला. यंत्र अद्याप जमिनीवरच होतें. मागील पंख्याचें पातें तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलें व त्याचा घाव तरुणाच्या डोक्यावर बसला, असें वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें. त्या तरुणास कोणी मूर्ख म्हणूं नये. स्वतःच्या हातांनीं एवढें यंत्र उभारणें हें सामान्य कसब नव्हे. परंतु फिरत्या पात्याच्या मुळाशीं पडणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट केला तर ताण चौपट होतो, आणि सततच्या थरथरीनें सांधा आंतून पिचत जातो. बाहेरून पाहणाऱ्यास त्याचा पत्ता लागत नाहीं. म्हणूनच असलें पातें प्रथम जाळीच्या आड, आसन रिकामें ठेवून, पुष्कळ तास फिरवून पाहावयाचें असतें. कुशल हातांस असें सांगणारा जाणता माणूस व तशीं साधनें आमच्या गांवोगांवीं मिळत नाहींत, ही त्या तरुणाची नव्हे, आम्हां सर्वांची उणीव होय.

कोणी म्हणतील, "अशा शंका घेत बसलों असतों, तर राइट बंधु उडालेच नसते." आमचें म्हणणें याच्या नेमकें उलट आहे. ऑटो लिलिएंथाल १८९६ सालीं पडून मरण पावला, हें ठाऊक असूनच त्या बंधूंनीं काम आरंभिलें. त्यांनीं प्रथम आपलें यंत्र पतंगासारखें दोरीनें उडवून पाहिलें; १९०१ सालीं वाऱ्याची पेटी बनवून सुमारें दोनशें लहान पंखांची परीक्षा केली; पुढील वर्षीं इंजिनावांचून शेंकडों वेळां तरंगून पाहिलें; आणि त्यानंतरच १७ डिसेंबर १९०३ रोजीं इंजिन लावून ते उडाले. इगोर सिकॉर्स्की यांनींहि १९३९ सालीं आपलें हेलिकॉप्टर प्रथम दोरांनीं बांधूनच जमिनीवरून उचललें. शंका ही त्यांच्या मार्गांतील धोंड नव्हती, तें त्यांच्या हातांतील हत्यार होतें.

पालकांसहि एक विनंति आहे. अमेरिकेंत १९८२ पासून असा नियम आहे कीं, रिकामें वजन २५४ पौंडांहून, म्हणजे सुमारें ११५ किलोंहून, कमी असलेलें एकासनी यंत्र हौसेखातर उडविणाऱ्यास परवाना लागत नाहीं व यंत्राचीहि सरकारी तपासणी होत नाहीं. नव्या यंत्रांपैकीं कित्येक याच मर्यादेंत बसतील अशीं बेतलेलीं असतात. "परवाना लागत नाहीं" याचा अर्थ "धोका नाहीं" असा मुळींच होत नाहीं. पारखण्याचा भार सरकारानें उचलला नाहीं, तो उडणाऱ्याच्याच शिरावर ठेविला, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या देशांत तर अशी मोकळीक समजून कोणीं चालूंच नये. मुलाच्या हौसेस नुसता "नको" म्हणून आळा बसत नाहीं. तो चोरून करूं लागतो. त्यास लहान नमुना करूं द्या, वजनें व माप घ्यावयास लावा, पातें मुद्दाम मोडून पाहूं द्या, आणि तें कोठें व कां मोडलें हें वहींत लिहावयास सांगा.

आणि विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळीं असलें चलच्चित्र पाहाल तेव्हां चार प्रश्न अवश्य विचारा. शक्ति गेली तर हें कसें उतरेल? एक पातें तुटलें तर तें कोणास लागेल? किती तास चांचणी झाली, व ती कोणीं पाहिली? चालविणारा किती दिवस शिकला? ज्याच्याजवळ या प्रश्नांचीं उत्तरें आहेत, त्याचें कौतुक करण्यांत आम्हीहि मागें राहणार नाहीं. ज्याच्याजवळ नुसतें चित्र आहे, त्याच्या यंत्रांत मात्र पाऊल ठेवूं नका.