येणे बाकी

बारामतीहून इंदापूरला निघाले की काटेवाडी, भवानीनगर, सणसर, लासुर्णे, जंक्शन, निमगाव केतकी अशी गावे एकामागून एक लागतात. आमच्या वाचनमंडळाच्या बैठका या रस्त्याच्या दोन टोकांना आलटून पालटून भरतात. मंडळ हा शब्द जरा मोठाच झाला; नोंदणी नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. बारामतीचे गुरुजी, वकीलसाहेब आणि मी, इंदापूरचे डॉक्टर आणि शेठजी, एवढीच माणसे. नियम दोन. आषाढात तुकोबांची पालखी याच रस्त्याने जाते, त्या आठवड्यात बैठक नाही. आणि शेठजींचा चौविहार असल्यामुळे खाकरे-चहा आणि वादविवाद दोन्ही सूर्यास्तापूर्वी आटोपायचे. वाद पुष्कळदा आटोपत नाही, तो पुढच्या महिन्याच्या नावे टाकला जातो.

बारामतीला हे व्यसन जुने आहे. मोरोपंतांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्याचा. पण त्यांचे उभे आयुष्य, १७९४ मध्ये देह ठेवीपर्यंत, कऱ्हेकाठच्या या गावात पुराण सांगण्यात आणि आर्या रचण्यात गेले. त्यांचे आश्रयदाते बाबूजी नाईक हे सावकार होते, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात एका शब्दात उरकली जाते. मला मात्र ती महत्त्वाची वाटते. थोरल्या बाजीरावांना कर्ज देणारे हे घराणे. बाजीरावांच्या निधनानंतर १७४० मध्ये पेशवेपदासाठी खुद्द बाबूजींचेच नाव पुढे आले होते. अशा व्याजबट्ट्याच्या, मोहिमांच्या आणि राजकारणाच्या वाड्यात मराठी आर्याभारत लिहिले गेले. व्यापारी माणसाला पुस्तकाचे काय, असे कोणी हसून म्हणाले की गुरुजी नाईकांच्या वाड्याकडे बोट दाखवतात. सोलापूरचे राम जोशी, लावणीचे बादशहा, बारामतीला पंतांकडे आले आणि पुढे पंतांच्या आर्या कीर्तनातून गावोगाव घेऊन गेले, असे परंपरा सांगते. छापखाना नसलेल्या काळात आर्येला पाय फुटले ते अशा माणसांमुळे.

गेले तीन महिने आमच्या बैठकीत बनारसीदासांचे ‘अर्धकथानक’ चालू आहे. आपल्या वाचकांना हे नाव ओळखीचे असेल. जौनपूरला १५८६ मध्ये जन्मलेला हा जैन व्यापारी. पुढे आग्र्यात स्थिरावला आणि पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ मध्ये, त्याने आपले आयुष्य पद्यात लिहून काढले. माणसाचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरले तर ही अर्धीच कथा, म्हणून हे नाव. व्यापारात हा गृहस्थ वारंवार बुडाला. पहिल्यांदा माल घेऊन आग्र्याला गेला तेव्हा इजारीच्या नाड्यात बांधलेले जवाहीर कुठे गळून पडले तेही त्याला कळले नाही. मग हातात पैसा नाही, बाजारात तोंड दाखवायची सोय नाही, अशा दिवसांत तो घरी बसून संध्याकाळी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ ही प्रेमकाव्ये वाचून दाखवू लागला. दहा-वीस माणसे ऐकायला जमत. त्यांतच एक कचोरीवाला होता. बनारसीदास त्याच्याकडे उधारीवर कचोऱ्या खाई. एके दिवशी त्यानेच कचोरीवाल्याला बाजूला घेऊन सांगितले की माझ्याजवळ काही नाही, यापुढे मला उधार देऊ नकोस. त्यावर तो म्हणाला की वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, तुला कोणी काही विचारणार नाही.

या प्रसंगावर आमचा दीड तास गेला. डॉक्टरांच्या मते कचोरीवाला भाविक श्रोता होता. वकीलसाहेबांच्या मते त्याने कथेचे मानधन चुकते केले. मी चौतीस वर्षे कर्जाच्या अर्जांवर शेरे मारले आहेत, त्यामुळे माझे लक्ष वीस या आकड्यावर खिळले. कचोरीवाल्याने ‘कितीही खा’ असे म्हटले नाही. त्याने मर्यादा ठरवून दिली. समोरचा माणूस कफल्लक आहे हे त्याच्याच तोंडून ऐकल्यावर पत मंजूर करणारा हा अधिकारी मला कोणत्याही शाखेत चालला असता.

शेठजी त्या दिवशी काही बोलले नाहीत. पुढची बैठक इंदापूरला, त्यांच्या पेढीच्या मागच्या खोलीत होती, तेव्हा त्यांनी कपाटातून लाल कापडी बांधणीची एक लांबट वही काढून माझ्यासमोर ठेवली. “साहेब, ही एकदा तपासून द्या. दिवाळीनंतर मुलगा पुण्याला नेतोय.”

काचबिंदूने शेठजींची एक नजर गेली आहे आणि दुसरीचा भरवसा नाही, हे आम्हांला ठाऊक होते. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही, आहे ती राखायची, हे डॉक्टरांनी आम्हांला पूर्वीच समजावले होते. पुण्याला कायमचे जायचे ठरल्याचे मात्र त्या दिवशी कळले. खोलीत काही वेळ कोणी बोलले नाही.

ती वही म्हणजे शेठजींचे ग्रंथखाते. १९७९ पासून कोणाला कोणते पुस्तक कोणत्या तिथीस दिले, कधी परत आले, याचा नावे-जमा पद्धतीने लिहिलेला हिशेब. अक्षर सुरुवातीला मोत्यासारखे, शेवटच्या पानांवर ओळ सोडून वर-खाली गेलेले. मी तिथेच बसून मेळ घातला. सारी नेलेली पुस्तके दोनशे बारा, न आलेली अडतीस. पांगारकरांचे १९०८ सालचे मोरोपंत-चरित्र गुरुजींकडे अकरा वर्षे. खानोलकरांनी लिहिलेले वालचंद हिराचंद यांचे चरित्र निमगावच्या एका पानमळेवाल्याकडे; पलीकडे वालचंदनगर उभे करणारा माणूस कोण होता ते वाचायचे म्हणून नेलेले. तो गृहस्थ तीन वर्षांपूर्वी वारला. अडतिसांतले असे सहा ऋणको आज हयात नाहीत.

बँकेत हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादक होते. त्या न्यायाने ही सारी वही कधीच बुडीत निघाली असती. मी शेठजींना तसे सुचवलेही: सहा नावांचे निर्लेखन करावे, उरलेल्यांना एकेक फोन करावा, जी येतील ती पुस्तके घरच्या संग्रहात मिळवून सगळाच संग्रह वाचनालयाला द्यावा. डॉक्टर आणि गुरुजी याला अनुकूल होते. वकीलसाहेबांनी १९६३ चा मुदत कायदा काढला. उसन्या पैशाच्या वसुलीला तीन वर्षे; पुस्तकाचे काय, हा मुद्दा त्यांना फार रुचला. पण पाने उलटताना त्यांच्या लक्षात आले की दर दिवाळीला शेठजींनी प्रत्येक बाकीखाली नेणाऱ्याची सही घेतली आहे. “म्हणजे दरवर्षी कर्जाची लेखी कबुली! मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू!” असे म्हणत त्यांनी शेठजींना चक्क नमस्कार केला.

शेठजी हसले. “मला पुस्तके परत नकोत. हिशेब चुकता झाला की गिऱ्हाईक पेढीची पायरी चढत नाही. दिवाळीला सहीसाठी माणूस यायचा, बसायचा, पुस्तक कुठवर आले ते सांगायचा. खाते चालू पाहिजे.”

संग्रहाबाबत मी माझे म्हणणे सोडले नाही. काचेच्या कपाटातले खासगी ग्रंथ मालकाबरोबर संपतात. नातवंडे भली असली तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी एकदा फोन करतात, इतकेच. आपल्या घराघरांतल्या पोथ्या आणि जुनी मासिके याच वाटेने गेली आहेत. वाचनालयातही जागेची अडचण असते आणि देणगीची पुस्तके वर्षानुवर्षे गठ्ठ्यात पडून राहतात हे खरे, पण तिथे निदान दाखल नोंद होते आणि एखादा विद्यार्थी कधी तरी गठ्ठा सोडतो. शेठजींनी हे मानले. कपाटातली सहाशेच्या आसपास पुस्तके पर्युषणानंतर वाचनालयात जातील. यादी करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वहीतल्या अडतिसांना मात्र त्यांनी हात लावू दिला नाही.

“पण व्याज घेणार,” ते म्हणाले.

ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याने आठवड्यातून एकदा फोनवर त्यातली दहा पाने शेठजींना वाचून दाखवायची. मुलाने त्यांना ध्वनिपुस्तकांची सोय करून दिली आहे, पण त्या आवाजाला मध्येच थांबवून शंका विचारता येत नाही, अशी त्यांची तक्रार. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. शेठजींचे म्हणणे असे की यंत्र फार तर पहिला आणि चौथा प्रकार सांभाळील. पृच्छनेला दुसरा माणूसच लागतो. (पाचव्या प्रकाराला आमच्या बैठकीत पूर्वीपासून बंदी आहे.)

व्याज सरळ की चक्रवाढ, एक आठवडा चुकला तर पुढच्या आठवड्यात वीस पाने की बावीस, यावर वकीलसाहेबांनी सूर्यास्त जवळ येईपर्यंत किल्ला लढवला. गुरुजींनी मात्र पुढच्याच रविवारी पांगारकर उघडले. पहिल्या पानालाच शेठजींनी त्यांना चार वेळा थांबवले आणि दहा पानांना पावणेदोन तास लागले, असे गुरुजी सांगत होते. तक्रारीच्या सुरात नव्हे.

हयात नसलेल्या सहांपैकी चार घरी मी फोन केले. दोघांना पुस्तकाचा पत्ताच नव्हता. एका घरी सूनबाईंनी पुस्तक लगेच शोधून पाठवते म्हटले. त्यांना पाठवू नका, वाचा, असे समजावताना माझी बरीच तारांबळ उडाली. चौथा निमगावचा. पानमळेवाल्याचा नातू वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला बारामतीत शिकतो. तो गेल्या आठवड्यात वालचंदांचे चरित्र पिशवीत घालून थेट इंदापूरच्या पेढीवर हजर झाला, आजोबांचे देणे फेडायला. शेठजींनी पुस्तक हातात घेतले, चाचपडून पाहिले, आजोबांनी मध्ये खुणेला ठेवलेली बसची तिकिटे तशीच राहू दिली आणि ते त्याला परत दिले. जुन्या नावाखाली रेघ मारून बाकी पुढे ओढली, ती नातवाच्या नावे. सही कुठे करायची ते शेठजींना दिसेना, म्हणून डॉक्टरांनी मुलाचे बोट धरून जागा दाखवली.

मुलाने विचारले, पहिल्यापासून वाचू की आजोबांच्या खुणेपासून?

शेठजींनी त्याला मंगळवारी रात्री आठनंतर फोन करायला सांगितले आहे.