भविष्यनिर्वाह निधी : चुका कोणाच्या?

निवृत्तीची पुंजी कामगाराला सांभाळता येत नाही, हा उपदेश अलीकडे फार ऐकू येतो. नोकरी सुटताच तो भविष्यनिर्वाह निधी काढून खातो, वारसाचे नाव नोंदवत नाही, खाते तपासत नाही. या चुका खऱ्या आहेत. परंतु त्यांचे खापर कामगाराच्या उधळेपणावर फोडणे हा शुद्ध कांगावा आहे.

रत्नागिरीत नऊ वर्षे कोळंबी सोलण्याचे काम केलेल्या एक बाई परवा कागद घेऊन माझ्याकडे आल्या. काम तेच, जागा तीच. कंत्राटदार मात्र तीन झाले. दर वेळी ‘हिशेब पुरा करा’ म्हणून त्यांची सही घेतली गेली आणि निधीबरोबर निवृत्तिवेतनाची रक्कमही काढली गेली. 1995 च्या योजनेनुसार निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची सेवा लागते. रक्कम न काढता सेवा जोडून घेतली असती, तर एकच वर्ष उरले होते. आता मोजणी पुन्हा पहिल्यापासून! ही चूक बाईंची, की बारमाही कामाला कंत्राटाचा मुखवटा चढविणाऱ्यांची?

हा निधी मालकाची मेहेरबानी नव्हे. 1952 च्या कायद्याने मान्य केलेले ते कामगाराचेच राखून ठेवलेले वेतन आहे. मालकाच्या 12 टक्के वाट्यातील 8.33 टक्के निवृत्तिवेतनाकडे वळतात, तेही 2014 साली ठरलेल्या 15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेपर्यंत. म्हणजे महिना फार तर 1,250 रुपये. या मर्यादेत पस्तीस वर्षे राबल्यावर निवृत्तिवेतनाचा हिशेब 7,500 रुपयांवर थांबतो. त्याच वर्षी ठरलेले किमान निवृत्तिवेतन तर अवघे 1,000 रुपये. एवढ्याशा आधारालाही जो मुकतो, त्याला काटकसरीचे धडे कोणत्या तोंडाने द्यायचे?

मात्र दोष इतरांना देऊन आपली सुटका होत नाही. आपण मोर्चे काढले, निवेदने दिली. पण किती कामगारांची पासबुके उघडून पाहिली? नोकरी वा कंत्राटदार बदलला तर निधी काढू नये, नव्या खात्यात वर्ग करावा. दहा वर्षे भरली नसतील तर निवृत्तिवेतनाची रक्कम न उचलता योजना प्रमाणपत्र घ्यावे. वारसाचे नामनिर्देशन करावे. नाव व जन्मतारीख आधारशी जुळवून घ्यावी. पगारपत्रकातील कपात दरमहा पासबुकाशी ताडून पाहावी. कापलेला पैसा जमा नसेल तर ती दिरंगाई नव्हे, चोरी आहे. कंत्राटी कामगारांची वर्गणी भरण्याची जबाबदारी 1952 च्या योजनेनेच मूळ मालकावर टाकली होती. तेव्हा तक्रार लेखी करावी, आणि कंत्राटदाराबरोबर मूळ मालकाचेही नाव तीत घालावे.

एकट्या बाईला हे जमणे कठीण; दहा जणींनी मिळून केले तर कंत्राटदाराला सही मागताना विचार करावा लागेल. प्रत्येक शाखेने महिन्यातून एक संध्याकाळ या कामाला द्यावी. घोषणेइतकेच हेही समाजवादाचे काम आहे.