खेळांतील यंत्रें

शिरूर काय किंवा दौंड काय, सायंकाळीं बागेंत मुलें खेळूं लागलीं कीं पालकांचें लक्ष घड्याळाकडे जातें. ‘खेळ पुरे, आतां अभ्यास,’ अशी हांक येते. ही कळकळ आम्हांस मान्यच आहे. परंतु ज्या विषयाचें पुस्तक उघडण्यासाठीं मुलांना घरीं न्यावयाचें, तोच विषय बागेंत चालला आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

मधोमध टेकू दिलेली, दोन्ही टोकांस मुलें बसतात ती फळी घ्या. शास्त्रांत हिला तरफ म्हणतात. एका टोकास ६० किलो वजनाचे वडील व दुसऱ्या टोकास २० किलोंची कन्या बसली, तर ती वरच राहणार. पण कन्येला टेकूपासून दीड मीटरवर ठेवून वडील अर्ध्या मीटरवर सरकले, कीं फळी समतोल होते. कारण वजन व अंतर यांचा गुणाकार दोहींकडे सारखा झाला. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत आर्किमिडीजनें सिद्ध केलेला नियम तो हाच. मात्र वडिलांना एक वीत उचलावयाचें, तर कन्येला तीन विती खालीं यावें लागतें. बळ वांचलें, त्याची किंमत अंतरानें चुकविली.

घसरगुंडी ही उतरण. तिचाही हिशेब हाच आहे. मुंबईहून दौंडास येणारी आगगाडी १८६३ सालीं पुरा झालेला भोर घाटाचा लोहमार्ग चढून येते. तेथें चढ अगदीं तीव्र असेल तेथेंही ३७ फूट चालावें तेव्हां १ फूट उंची मिळते. उंची कमी झाली नाहीं. वाट लांबविली, म्हणून ओढ सोसवली.

विजेचे पंप येण्यापूर्वीं आपल्याकडील विहिरींवर मोट चालत असे. नाडा चाकावरून जाई आणि बैल उतरत्या धावेवरून चालत. त्यामुळें त्यांच्या अंगचें वजनही पाणी ओढण्याच्या कामीं येई. अक्षरशत्रु म्हणविणाऱ्या शेतकऱ्यानें चाक व उतरण यांची अशी सांगड घातली होती.

यंत्र फुकट कांहींच देत नाहीं, हें ज्या मुलाला फळीवर बसून उमगलें, त्याला तें घोकावें लागत नाहीं. म्हणून वाचक बंधुभगिनींना आमची विनंती आहे कीं, एक दिवस घड्याळ विसरून आपणही फळीवर बसावें. आणि आपण कोठें बसावें, हें मुलीला ठरवूं द्यावें.