विजेच्या सामाईक गाड्या व पाळीपत्रक

पुणें–अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं धांवली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजीं विजेवर चालणारी ‘शिवाई’ सुरू झाली. शेतमाल वाहणारे विजेचे टेंपोहि आतां मिळतात. ते अनेकांनीं सामाईक घेणें हितावह आहे. परंतु सर्व गाड्या सायंकाळीं परततांच एकदम चार्जिंगला लावल्या, तर रोहित्रावर अतोनात भार पडतो. एका चारीवरील सर्वांनीं एकाच वेळीं दारें धरलीं, तर शेवटचें शेत कोरडें राहतें. म्हणूनच पाटाच्या पाण्यास पाळीपत्रक असतें.

विजेचें पाळीपत्रक आतां दूरचा संगणक लिहूं शकतो. त्या व्यवस्थेस क्लाउड म्हणतात. प्रत्येक गाडीच्या बॅटरींत वीज किती शिल्लक आहे, तिला केव्हां निघावयाचें आहे व त्या घटकेस विजेचा दर काय, हें इंटरनेटवरून पाहून तो क्रम लावितो. वेळेनुसार दर आकारतांना सूर्यप्रकाशाच्या तासांतील दर निदान २० टक्के कमी असावा, असा केंद्राचा २०२३ चा नियम आहे. म्हणून दुपारीं उभी असलेली गाडी तेव्हांच भरून घेणें किफायतीचें.

तथापि काटकसर दुय्यम होय. पहांटे बाजारास निघणारी गाडी अर्धवट भरलेली राहिली, तर वांचलेल्या पैशाहून नासलेल्या भाजीचें मोल अधिक. यास्तव सहकारी संस्थांनीं करारांत तीन अटी घालाव्या, असें आमचें स्पष्ट मत आहे: निघण्याची वेळ संस्थेनें ठरवावी; इंटरनेट तुटलें तरी शेवटच्या पाळीपत्रकाप्रमाणें चार्जिंग चालावें; आणि कोणत्या गाडीस किती युनिट मिळाले, ही नोंदवही प्रत्येक सभासदास पाहतां यावी. चावडीवर लागलेल्या पाळीपत्रकावरच शेतकरी विश्वास ठेवतो.