यंत्राची माशी उडाली, पण बांधावरची जपा

परदेशात यंत्राची मधमाशी उडाली, आता परागीभवनाची चिंता मिटली, असे निरोप मोबाईलवर फिरताना दिसतात. बातमी खोटी नाही, पण ती पुरी वाचली पाहिजे.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने २०१३ साली अवघ्या ८० मिलिग्रॅम वजनाचे, सेकंदाला १२० वेळा पंख हलविणारे यंत्र उडवून दाखविले. २०१७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी खेळण्यातल्या ड्रोनला घोड्याचे केस चिकटवले, त्यांना चिकट द्रव लावला आणि लिलीच्या एका फुलावरचे पराग दुसऱ्यावर नेले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतीलच एमआयटी या संस्थेची यंत्रमाशी १००० सेकंद, म्हणजे जवळपास सतरा मिनिटे हवेत राहिली. काम कौतुकाचे आहे यात शंका नाही.

पण मेख पुढे आहे. एमआयटीची ही माशी प्रयोगशाळेत उडाली, तीही तारेतून वीज घेऊन. अंगावर बॅटरी द्यावी, तर एवढ्याशा यंत्राला तिचा भार झेपणे कठीण. उघड्या रानातला वारा, फूल ओळखणे, हे सगळे अजून पुढेच. खुद्द शास्त्रज्ञांच्या डोळ्यांसमोर आहे ती बंदिस्त इमारतीतली शेती.

कांद्याचे बी धरणाऱ्याला माशीची किंमत सांगायला नको. कांद्याच्या फुलातले पराग आधी झडतात, स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. त्यामुळे दुसऱ्या फुलाचे पराग आणून देणारे कोणीतरी लागतेच. एका गोंड्यात शेकडो फुले, मग एकरात किती यंत्रे लागतील? त्यांचा खर्च कोण करणार? आपल्याकडच्या सातेरी, फुलोरी, आग्या माश्या हेच काम फुकटात करतात आणि आपली वीणही आपणच वाढवितात.

तेव्हा यंत्राच्या भरवशावर भर फुलोऱ्यात, भर सकाळी कीटकनाशक मारणे म्हणजे आपल्याच हाताने बी घालविणे होय. फुलोऱ्यात फवारणी टाळावी. नाइलाजच झाला, तर माश्या परतल्यावर, सांजवेळी करावी आणि शेजारी पेट्या असतील तर आदल्या दिवशी कळवावे. ग्रामपंचायतीने फुलोऱ्याच्या दिवसांत एवढी सूचना फलकावर लावली, तरी पुष्कळ माश्या वाचतील. त्याला ना निधी लागतो, ना मंजुरी.